वाळवंटांतील मोटारीचा एक दिवस



ईजिप्त आणि लिबिया यांच्या सीमेवर 'वाळूचा महासागर' म्हणून ओळखला जाणारा एक प्रदेश आहे. तेथें तीनशें फुटांहून उंच अशा वाळूच्या टेकड्यांच्या रांगा साधारणतः दक्षिणोत्तर पसरल्या आहेत. १८७४ सालीं गेरहार्ड रोल्फ्स हा जर्मन प्रवासी उंटांचा तांडा घेऊन त्या ओलांडावयास गेला. परंतु पश्चिमेची वाट सोडून त्याला उत्तरेकडे वळावें लागलें. पुढें १९३० सालीं राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानें फोर्ड मोटारी घेऊन त्याच टेकड्यांत प्रवेश केला. जेथें उंट हटला, तेथें मोटार कशी गेली? अशा प्रवासाचा एक दिवस डोळ्यांपुढें आणला म्हणजे याचें उत्तर मिळेल.

मऊ वाळू लागण्यापूर्वीं चाकांतील हवा कमी करावयाची. हें ऐकून नवखा मनुष्य हंसेल. पण हवा कमी केली कीं टायर पसरतो, मोटारीचा भार अधिक जागेवर वांटला जातो व चाक सहसा रुतत नाहीं. उंटाचा रुंद तळवा हेंच काम करीत असतो. दिशेसाठीं होकायंत्र घ्यावें, तर मोटारीचें लोखंडच त्याच्या सुईला बहकवितें. म्हणून बॅग्नोल्ड सूर्ययंत्र वापरी. आंखलेल्या तबकडीच्या मध्यावर एक उभी सळई. तिच्या सावलीवरून, वेळेचा हिशेब ठेवून, दिशा धरावयाची.

ऊन चढलें कीं एंजिनांतील पाणी उकळूं लागतें. तेथें वाफ दवडणें म्हणजे आयुष्याचे दिवस दवडणें होय. कारण मोटार आणि माणूस एकाच सांठ्यांतलें पाणी पितात. म्हणून ही वाफ नळीनें एका डब्यांतील पाण्यांत सोडीत. तेथें तिचें पाणी होई व एंजिन निवतांच तें परत आंत ओढलें जाई.

उन्हाळ्यांत भर दुपारीं थांबावें. सळईची सावली पायथ्याशींच आटल्यानें यंत्र मुकें होतें, आणि वाळूचे चढउतारही दिसेनासे होतात. टेकडीची वाऱ्याकडील बाजू सौम्य चढाची व घट्ट असते. पलीकडची मात्र एकदम तुटलेली व भुसभुशीत. वेगानें चढणाऱ्याला ती कड दिसली नाहीं, तर मोटार उलटून प्राणावर बेततें.

तिसऱ्या प्रहरीं मोटार रुतली, असें समजा. नवखा चालक रागानें एंजिनाचा जोर वाढवितो आणि चाकें आंसापर्यंत खालीं जातात. जाणता खालीं उतरतो, वाळू उपसतो, चाकांपुढें लोखंडी पन्हळी घालतो व सावकाश बाहेर पडतो. शाळेंत जन्म घालविलेल्या मला हें नवें वाटलें नाहीं. अडलेल्या मुलावर ओरडल्यानें तें अधिकच रुततें. त्याच्यापुढें कांहीं आधार घालावा लागतो.

रात्रीं ताऱ्यांवरून आपलें स्थान ठरवावें व उरलेलें पाणी मोजावें. आज उपग्रहांच्या साहाय्यानें स्थान क्षणांत कळतें. पाणी मात्र अजून मोजावेंच लागतें. तें परतीच्या वाटेपुरतेंच उरलें असेल, तर मुक्काम कितीही जवळ आलेला असो, सकाळीं मोटारीचें तोंड मागें वळवावें. वाळवंटांत इतकें ज्याला साधलें, तो घरीं येऊन प्रवासाची हकीकत सांगतो.