व्हीआरएसच्या आकड्यात नवे किती, आपलेच किती?

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत व्हीआरएसची (स्वेच्छानिवृत्ती योजनेची) नोटीस लागली की उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये, सुभाष टेकडीपर्यंत, एकच आकडा फिरतो: 'पंधरा लाख देतायत.' पहिला गैरसमज या 'देतायत'मध्येच आहे. समजा वय ४८, नोकरी २० वर्षे, मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ३०,००० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरून वर्षाला १५ दिवसांचा पगार, या हिशेबाने ग्रॅच्युइटी होते ३ लाख ४६ हजार. फंडात (पीएफ) साडेचार लाख आणि शिल्लक रजेचे ५० हजार असतील, तर हे सगळे राजीनामा दिला तरी मिळणारच होते. कंपनीने ते पंधरा लाखांतच धरले असेल, तर नोकरी सोडण्याची खरी किंमत उरते साडेसहा लाख, म्हणजे जेमतेम बावीस महिन्यांचा पगार. निवृत्तीला मात्र दहा वर्षे बाकी.

'व्याजावर भागेल' हा त्याच गैरसमजाचा जुळा भाऊ. पूर्ण पंधरा लाख ७ टक्क्यांनी ठेवले तरी महिन्याला ८,७५० रुपये येतात आणि महागाईबरोबर ते वाढत नाहीत. इथे हमखास बीएसएनएलचा दाखला दिला जातो. ३१ जानेवारी २०२० रोजी तिथले सुमारे ७८ हजार कर्मचारी एकदम बाहेर पडले; झालेल्या सेवेच्या दर वर्षाला ३५ दिवसांचा आणि उरलेल्या दर वर्षाला २५ दिवसांचा पगार मिळाला. पण दूरसंचार खात्यातून बीएसएनएलमध्ये आलेल्यांच्या पाठीशी सरकारी पेन्शन होते. खासगी कारखान्यातल्या माणसाला ईपीएसचे (कर्मचारी पेन्शन योजनेचे) पेन्शन मिळते ५८ व्या वर्षी. ते पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण लवकर घेतलेल्या दर वर्षामागे ४ टक्के कात्री लागते. त्यामुळे शेजारच्या बीएसएनएलवाल्याचा हिशेब इथे लागू पडत नाही. कराचेही तसेच: अटी पाळणाऱ्या योजनेत भरपाईचे ५ लाखच करमुक्त असतात, तेही आयुष्यात एकदाच.

यावर रास्त आक्षेप असा की, नाही म्हटले आणि कंपनीच बुडाली तर? तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोहने-आंबिवलीची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली आणि थकीत देण्यांसाठी कामगारांना दशकाहून अधिक काळ झगडावे लागले. म्हणून भरपाईची तुलना दोन गोष्टींशी करावी. कायद्याने नोकरकपातीत दर वर्षाला १५ दिवसांचा पगार मिळतो, म्हणजे वरच्या उदाहरणात साधारण दहा महिन्यांचा. बावीस महिने त्याहून बरेच. पण ऑर्डरी येत असलेल्या, चालत्या कंपनीतल्या दहा वर्षांपुढे ते थोडेच. म्हणजे पॅकेज पुरेसे आहे का, याचे उत्तर कंपनीच्या तब्येतीवरही अवलंबून आहे. फंड वेळेवर भरला जातो का, हे पासबुकात दिसते. पगार लांबतो का, हे सांगायला कोणी लागत नाही. कंपनी खरोखरच खचत असेल, तर बावीस महिने घेऊन निघणे शहाणपणाचे. नसेल, तर पन्नाशीला टेकलेल्याला तोच पगार देणारी दुसरी नोकरी हाताशी असल्याखेरीज सही करू नये.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असलेल्यांसाठी 'नोकरी गेली की ईएसआयही गेले' हेही पूर्ण खरे नाही. किमान पाच वर्षे विमाधारक राहून व्हीआरएस घेणाऱ्याला, वर्षाला १२० रुपये भरून, स्वतःसाठी व जोडीदारासाठी उपचार सुरू ठेवता येतात. सही करण्याआधी ग्रॅच्युइटी, फंड, रजा आणि भरपाई यांचे आकडे वेगवेगळे, कंपनीच्या लेटरहेडवर मागून घ्या.