मंत्री नको, असं म्हणता येतं का?

बचतगटात आम्हाला कुणीतरी विचारलं, "अंगणवाडीच्या संघटनेला एखादा मंत्री नको असेल, तर शपथेआधीच अडवता येतं का?" हसू झालं, पण प्रश्न खरा आहे.

अमेरिकेत येतं. तिथे अध्यक्षांनी दिलेल्या नावाला सिनेट या सभागृहाची मंजुरी लागते. २०१७ साली बर्गरच्या दुकानांची कंपनी चालवणाऱ्या अँड्र्यू पझडर यांचं नाव कामगारमंत्री म्हणून आलं. किमान वेतनवाढीला विरोध करणारा माणूस कामगारांचं काय बघणार, म्हणून संघटना उठल्या. त्यांच्याच पक्षाचे काही सभासद डळमळले आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी, १५ फेब्रुवारीला, त्यांनी माघार घेतली.

आपल्याकडे ही पायरीच नाही. मुख्यमंत्री नावं देतात, राज्यपाल शपथ देतात. आमदार नसलेलाही मंत्री होतो, फक्त सहा महिन्यांत विधानसभेत किंवा विधान परिषदेत यावं लागतं. म्हणून आपला विरोध शपथेनंतर, आणि माणसापेक्षा त्याच्या निर्णयाला.

तो कसा होतो ते अंगणवाडी सेविकांनी दाखवलं. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी संप केला. सेविकेचं मानधन ५००० वरून ६५०० झालं. पुढे मार्च २०१८ मध्ये सरकारने त्यांना मेस्मा लावला, म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्यांना संपाची बंदी. तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री पंकजा मुंडे यांनी बालकांच्या पोषणाचं कारण दिलं. कारण खोटं नव्हतं. अंगणवाडी बंद झाली, तर पहाटे माशांच्या लिलावाला जाणाऱ्या बाईने पोर ठेवायचं कुठे? पण पगार मागितला की "तुम्ही मानधनी", आणि संप केला की "तुम्ही अत्यावश्यक", हे कसं चालेल?

संघटना गप्प बसल्या नाहीत. सत्तेतल्याच शिवसेनेच्या आमदारांनी सभागृहात आवाज उठवला आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मेस्माला स्थगिती दिली. मंत्री खुर्चीवर राहिल्या, आदेश थांबला.

तुमच्या वाडीत असं काही असेल, तर निवेदनाच्या दोन प्रती काढा. एक आमदाराच्या कार्यालयात द्या, दुसरीवर तारखेसह पोच घ्या. आदेशाचा क्रमांक त्यात लिहायला विसरू नका. नुसतं "अन्याय झाला" लिहिलेला कागद फाईलीत पडून राहतो.