देहदुःख आणि आत्मकल्याण : ख्रिस्ती विचारातील एक भेद

अंधेरीच्या पूर्वेस, आजच्या सीप्झ औद्योगिक क्षेत्राच्या आवारात, संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाचे एक भग्न देवालय आहे. जेझुइटांनी १५७९ मध्ये उभारलेले हे देवालय १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे ओस पडले आणि तेथील भाविक मरोळ येथे जाऊन वसले. तथापि वार्षिक उपासनेसाठी त्यांचे वंशज पुढेही या अवशेषांपाशी जमत आले. ज्या स्थळी पूर्वजांनी व्याधी भोगली, त्याच स्थळी ईश्वराचे आभार मानण्यामागे कोणती विचारसरणी असावी?

ख्रिस्ती धर्म दुःखाला पवित्र मानतो, असे सामान्यतः समजले जाते. हे विधान अर्धसत्य होय. ईयोबाच्या ग्रंथात निष्पाप मनुष्य व्याधिग्रस्त होतो, आणि त्याच्या पीडेचे कारण त्याच्या पापात शोधणारे मित्रच अखेर दोषी ठरतात. योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात जन्मांधाविषयी हाच निर्वाळा येशू देतो. म्हणजे व्याधी हा पापाचा पुरावा नव्हे.

ती स्वतः पुण्यही नव्हे. गेथशेमाने बागेत येशूने यातना टळावी अशी प्रार्थना केली. पौलानेही आपल्या शरीरातील ‘काटा’ दूर व्हावा म्हणून तीन वेळा विनवणी केली. तो काटा गेला नाही. परंतु दुर्बलतेतही ईश्वरी कृपा पुरेशी आहे, ही प्रतीती त्याला लाभली. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने संकटातून धीर, धीरातून शील व शीलातून आशा असा क्रम सांगितला आहे. येथे संकट हे निमित्त होय. कल्याणाचे मूळ कृपेत आहे.

या शिकवणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो : सहनशीलतेचा उपदेश पीडितांना गप्प बसविण्यास उपयोगी पडतो. तसा दुरुपयोग झालाही आहे. परंतु मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात रुग्णाची विचारपूस हाच अंतिम न्यायाचा एक निकष ठरविला आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही १९८४ च्या आपल्या दुःखविषयक पत्रात दयाळू शोमरोनी माणसाच्या दृष्टांताला महत्त्वाचे स्थान दिले. जुन्या देवालयाजवळच, महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर, धर्मभगिनींनी १९६७ मध्ये सुरू केलेले होली स्पिरिट रुग्णालय याच आज्ञेचे आचरण होय.

तात्पर्य, स्वतःचे अटळ दुःख धीराने सोसावे. दुसऱ्याचे दुःख मात्र निवारावे. धीराचा उपदेश निवारणाच्या कर्तव्यातून सुटका करून घेण्यासाठी वापरला, तर तो ख्रिस्ती राहत नाही.