गुलाबाच्या नावाने खपलेले गवत

खानदेशच्या डोंगरउतारांवर आपोआप उगवणारे रोशा गवत एकोणिसाव्या शतकात तुर्कस्तानच्या अत्तरबाजारात पोहोचले होते. पिंपळनेर, नंदुरबार भागातल्या भट्ट्यांवर निघालेले तेल मुंबई बंदरातून जहाजाने जाई. तिकडचे व्यापारी त्यात लिंबाचा रस घालून ते उन्हात ठेवत, त्याचा उग्रपणा उतरवत आणि महागड्या गुलाबतेलात बेमालूम मिसळत.

ही भेसळ पचे ती जिरॅनिऑलमुळे. हा गुलाबगंधी घटक दोन्ही तेलांत आहे. रोशाच्या चांगल्या तेलात तर तो सुमारे ७५ ते ८५ टक्के भरतो.

रोशाला तिखाडीही म्हणतात. त्याच्या मोतिया आणि सोफिया या दोन जाती शेतात वेगळ्या ओळखणे अवघड. वास मात्र लगेच फरक सांगतो. मोतियाचा कल गुलाबाकडे, सोफियाचा आल्याकडे. तेल सर्वाधिक फुलोऱ्यात असल्याने गवत फुलल्यावरच कापतात. बंद टाकीत ते दाबून भरायचे आणि खालून वाफ सोडायची. वाफेबरोबर निघालेले तेल थंड नळीतून जाताना पाण्यासकट खाली उतरते आणि हलके असल्याने वर तरंगते.

२०१७ साली सुरू झालेल्या सीएसआयआरच्या अरोमा मिशनने अशी सुगंधी पिके मराठवाड्यातही नेण्याचे ठरवले. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडचा परिसर सोयाबीन-तुरीचा. पावसाने ओढ दिली तरी तग धरणारे आणि एकदा लावल्यावर काही वर्षे कापता येणारे रोशा अशा भागाला सोयीचे आहे. पण भट्टी जवळ हवी. ओल्या गवताचे भारे लांब वाहून नेणे परवडत नाही.

गिऱ्हाइकाची पंचाईत वेगळीच. दिवाळीच्या उटण्यात वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी दळूनच पडतात. वास कशाचा ते उघड असते. गुलाबी साबणाच्या वेष्टनावर ‘नैसर्गिक सुगंध’ एवढेच छापले, तर तो पाकळीचा की गवताचा हे कळत नाही. जिरॅनिऑल टर्पेंटाइनपासून कारखान्यातही बनते आणि त्याचा रेणू अगदी तोच असतो.

त्वचाही त्यात भेद करत नाही. काहींना जिरॅनिऑलची ॲलर्जी होते. म्हणून युरोपीय संघात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनात ते ०.००१ टक्क्याहून, धुऊन टाकायच्या प्रसाधनात ०.०१ टक्क्याहून जास्त असल्यास त्याचे नाव वेष्टनावर छापावेच लागते, मग ते रोशातून आलेले का असेना.