अण्णांचा क्रिस्टलचा डबा

भंगारवाला दारात येऊन उभा राहिला होता. वजनकाटाही बाहेर काढून झाला होता. अण्णा, म्हणजे माझे सासरे, जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्यांची माडीवरची खोली पुतण्याच्या अभ्यासासाठी रिकामी करायची, असं घरात ठरलं होतं. अण्णा हौशी रेडिओवाले, लायसन्स असलेले ‘हॅम’. रात्री जेवणं उरकली की माडीवरून मोर्स कोडची डा-डिट-डा सुरू व्हायची. भाऊजींनी जुने रेडिओ, मीटर, तारांची भेंडोळी सगळं खाली आणलं. त्यात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. मी सहज झाकण उघडलं आणि म्हटलं, “भाऊजी, एवढा डबा मला राहू द्या.”

“वहिनी, त्या खुळखुळ्यांचं काय करणार तुम्ही?”

मलाही धड सांगता आलं नसतं. १९९६ साली मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, दोन वर्षांनी लग्न झालं आणि सोल्डरिंग आयर्न माळ्यावर गेलं ते गेलंच. पण त्या चपट्या, चकचकीत पत्र्याच्या डब्या मी ओळखल्या. ते क्रिस्टल होते!

क्रिस्टल म्हणजे गारेच्या जातीचा, क्वार्ट्झचा पातळ तुकडा. तुमच्या गॅसच्या लायटरचा खटका दाबला की ठिणगी पडते ना? आतल्या खड्यावर दाब पडला की वीज तयार होते. (लायटरमध्ये क्वार्ट्झ नसतो, सिरॅमिक असतं, गुण मात्र तोच.) हा गुण १८८० साली जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी शोधला. म्हणजे मादाम क्युरींचे दीर आणि यजमान, पण तेव्हा लग्न व्हायचं होतं! क्रिस्टलमध्ये हेच उलट चालतं. वीज दिली की तुकडा थरथरतो, आणि त्याच्या थरथरण्याची गती त्याच्या जाडीवर ठरते. म्हणून ती सहसा हलत नाही.

दुपारची झाकपाक झाली की मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून निवडायला बसू लागले. तांदूळ निवडावेत तसंच! दोन पायांचा असेल तो नुसता क्रिस्टल, त्याला बाहेरून सर्किट लागतं. चार पायांची चौकोनी किंवा लांबट डबी असेल तर तो पूर्ण ऑसिलेटर. पाच व्होल्ट दिले की झालं. त्याचा एक कोपरा टोकदार असतो, बाकीचे तीन गोल. टोकदार कोपऱ्याजवळचा पाय पहिला. हे एवढं कळलं तरी उलटी वीज देऊन वस्तू जाळण्याचं पाप टळतं.

मग आकडे. ४.४३३६१९ लिहिलं असेल तर तो जुन्या रंगीत टीव्हीतला. ३.५७९५४५ हा बटणांच्या टेलिफोनमध्ये सापडतो, आणि गंमत म्हणजे तो हॅम लोकांच्या ८० मीटरच्या पट्ट्यात अलगद बसतो, म्हणून हौशी मंडळी जुने फोन फोडतात. घड्याळातला तांदळाच्या दाण्याएवढा क्रिस्टल ३२,७६८ वेळा थरथरतो. ती संख्या पंधरा वेळा निम्मी करत गेलं की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. आणि आकड्यापुढे हर्ट्झऐवजी ‘केसी’, म्हणजे किलोसायकल, लिहिलेलं दिसलं की समजावं, ही वस्तू साठ-सत्तरच्या दशकातली किंवा त्याआधीची.

तशा तीन होत्या. काळ्या बेकेलाइटच्या, निम्म्या काडेपेटीएवढ्या, तोंडावर तीन स्क्रू. एफटी-२४३ या जातीच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लष्करी रेडिओच्या. अण्णांनी त्या सत्तरच्या दशकात मुंबईच्या चोरबाजारातून आणल्या होत्या. एकीवर न्यूयॉर्कच्या रीव्हज साउंड लॅबोरेटरीजचं नाव होतं. या कंपनीतल्या कामावर १९४३ साली ‘क्रिस्टल्स गो टू वॉर’ नावाचा माहितीपट निघाला होता, तो मी मोबाइलवर पाहिला. ब्राझीलहून आलेला क्वार्ट्झ कापायचा, घासायचा, मोजायचा... आणि कामाला बहुतेक बायका! युद्धात असे कोट्यवधी क्रिस्टल तयार झाले. सुरुवातीला नुसत्या घासलेल्या तुकड्यांचा पृष्ठभाग कालांतरानं सुटायचा आणि क्रिस्टल बिघडायचे. मग शेवटचा हात रसायनानं द्यायला लागले, तेव्हा ते टिकले.

पहिली डबी मी उघडली आणि फोडली. हो, फोडली. सात मेगाहर्ट्झचा तुकडा पाव मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, आणि मी तो पापडाच्या लाटीसारखा चिमटीत धरला! त्या दिवशी डबा बंद करून ठेवला. अण्णांनी पन्नास वर्षं जपलेलं मी पाच मिनिटांत मोडलं, हे कुणाला सांगायचंही धाडस होईना.

पंधरा दिवसांनी दुसरी उघडली. या वेळी खाली मऊ फडकं, आणि तुकडा फक्त कडांना धरलेला. बोटाचं तेल लागलं तरी क्रिस्टल गप्प बसतो. साबणाचं पाणी आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन त्याला आणि त्याच्या दोन्ही धातूच्या पट्ट्यांना धुतलं, वाळवलं, परत बसवलं. (जुने हॅम टूथपेस्टनं घासून फ्रिक्वेन्सी चढवत आणि शिसपेन्सिल ओढून उतरवत. ते धाडस मी केलं नाही.) मग एक ट्रान्झिस्टर, तीन रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. अँटेना लावली नाही. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं गुन्हा आहे.

डबीवर अण्णांच्या अक्षरात चिकटपट्टी होती, ७०५०. आईंना दाखवली तर म्हणाल्या, “अगं, हा तर त्यांचा नंबर! सगळे त्यांना इथेच शोधायचे.” बरोबरच होतं. तेव्हा क्रिस्टल जेवढे, तेवढ्याच जागा. हाताशी एकच धड क्रिस्टल असेल तर माणसाचा पत्ता बदलत नसे.

आईंचा जुना शॉर्टवेव्ह रेडिओ शेजारी ठेवून काटा सातच्या जरा पुढे नेला. नुसती खरखर. बॅटरी जोडली आणि खरखर एकदम थांबली! साध्या रेडिओवर नुसत्या लहरीचा सूर ऐकू येत नाही, ऐकू येते ती शांतता. बॅटरी काढली की परत खरखर.

आई खुर्ची ओढून बसल्या. “परत लाव बरं,” म्हणाल्या. चार वेळा लावलं.

हॅमच्या परीक्षेचा अर्ज मी आता भरलाय. पोळ्या लाटताना लाटण्यानं मोर्स वाजवते, त्यावर मुलं हसतात. तिसरी डबी मात्र अजून बोलत नाहीये. येत्या रविवारी तिला परत एकदा आंघोळ घालणार आहे.