गाभण मेंढी व गर्भाचें पोषण

मेंढी सुमारें पांच महिने गाभण असते. या मुदतींत पोटांतील कोकराला अन्न कोणत्या मार्गानें पोंचतें याचा विचार फारसा होत नाहीं, आणि विण्याच्या सुमारास मेंढी दगावली म्हणजे दैवाला दोष दिला जातो. म्हणून या विषयाची थोडी माहिती आम्ही येथें देत आहों.

मेंढीच्या गर्भाशयांत आंतल्या बाजूस बटणासारखे अनेक उंचवटे असतात. कोकराची वार त्यांना ठिकठिकाणीं जोडली जाते. आईचें व कोकराचें रक्त एकमेकांत मिसळत नाहीं. पातळ पडद्यांतून देवघेव चालते. ग्लुकोज आईच्या रक्तांत अधिक असतें, म्हणून तें गर्भाकडे उतरतें. प्रथिनांचे घटक मात्र वारेस शक्ति खर्चून ओढून घ्यावे लागतात. गर्भाशयाकडे जाणाऱ्या व तेथून परतणाऱ्या रक्तांतील फरकास रक्ताच्या प्रवाहानें गुणिलें म्हणजे किती अन्न घेतलें तें कळतें. अमेरिकेंत कोलोराडो येथें बॅटाग्लिया व मेस्किया यांनीं १९६० नंतरच्या काळांत मेंढ्यांवर असे पुष्कळ प्रयोग केले. घेतलेल्या ग्लुकोजपैकीं निम्म्याहून अधिक भाग वार व गर्भाशय यांनाच लागतो.

वारेची वाढ तिसऱ्या महिन्याअखेर बहुतेक पुरी होते. कोकराच्या वजनाचा मोठा भाग मात्र शेवटच्या सहा आठवड्यांत भरतो. रवंथ करणाऱ्या जनावरास आंतड्यांतून ग्लुकोज फार थोडें मिळतें. तें यकृतांत तयार व्हावें लागतें. चारा तुटला तरी गर्भाची मागणी थांबत नाहीं. मग मेंढी अंगची चरबी झिजविते, रक्तांत कीटोन द्रव्यें सांचतात, ती कळपामागें राहते, चारा सोडते, दिसेनासें होऊन शेवटीं आडवी पडते. पोटांत जुळीं असल्यास हें भय अधिक. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरूं देते. परंतु फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेची ‘नारी सुवर्णा’ ही जुळीं देणारी जात पाळणाऱ्यांनीं विशेष सावध असावें.

यास्तव दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत मेंढी खंगूं देऊं नये. शेवटच्या सहा आठवड्यांत चांगल्या चाऱ्याच्या जोडीला भरडा व पेंड हळूहळू वाढवीत न्यावी; एकाएकीं पुष्कळ धान्य घालूं नये, त्यानें पोट बिघडतें. उपासमार व लांबची चाल टाळावी. मेंढी आडवी पडल्यावर औषधास यश क्वचितच येतें. त्याआधीं दिलेला मूठभर भरडा आई व कोकरूं या दोघांनाही वांचवितो.