धरणकाठची सहल

मांजरा नदीवर धनेगाव येथे बांधलेल्या धरणाचा जलाशय लातूर शहरास पाणी पुरवितो. पावसाळ्यानंतर भरलेला जलाशय व हिवाळ्यातील पाणपक्षी पाहण्यास हे स्थळ उत्तम होय. परंतु २०१६ साली हाच जलाशय आटला आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. यास्तव सहलीचे जेवण काठापासून दूर करावे. उष्टे, कचरा व साबण पाण्यात जाऊ देऊ नये.

पाणी ओसरल्यावर गाळाचा वरचा थर वाळतो, पण खाली तो मऊच राहतो व पाय रुततो. म्हणून मुलांना त्यावर जाऊ देऊ नये. धरणाच्या दरवाजांजवळ कोणीही पोहू नये. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी शाळेची सहल निघण्यापूर्वी हे समजावून सांगावे.